स्वागताचे नियम

बरोबर उत्तराचा आमच्या सरांना राग येई. चुकलेल्या मुलाशी त्यांचं काही वैर नसे. त्याच्या हातात खडू देऊन ते त्याची चूक फळ्यावर सविस्तर लिहून घेत आणि शेजारी कौतुकाने उभे राहत. पण एखाद्याने बाकावरून पटकन बरोबर सांगितलं की ते चष्मा काढत.

"का?"

मुलगा बाकाकडे बघे.

"म्हणजे तुला हे सापडलं. रस्त्यात पाकीट सापडतं तसं. तुझं नाही ते. पोलीस चौकीत जमा कर आणि बस."

भिवंडी संपून गोडाउनांच्या रांगा सुरू होतात तिथे आमचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. सर तिथे कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवायचे आणि मी कल्याणहून येऊन त्यांच्या हाताखाली नवी लागले होते. चारचौघांत ते मला मॅडम म्हणत आणि रंगात आले की बाय. त्यांचं घर खाडीकाठचं, शेतीवाल्यांचं. शिक्षणाने भाषा धुऊन निघाली होती, पण 'बाय' तेवढं राहिलं होतं.

त्यांची कृत्रिम बुद्धिमत्ता जुन्या वळणाची होती. जाणकार माणूस गाठायचा, तो निर्णय कसे घेतो ते त्याच्याकडून काढून घ्यायचं, 'जर असं असेल, तर तसं कर' अशा नियमांत मांडायचं आणि ते नियम यंत्राच्या हवाली करायचे. याला पुस्तकात ज्ञानाधारित प्रणाली म्हणतात. जाणकाराला तज्ज्ञ म्हणतात आणि त्याचं डोकं खाणाऱ्याला ज्ञान-अभियंता. सरांच्या मते यात एकच गोष्ट महत्त्वाची. यंत्राने उत्तर दिलं की त्याला 'का?' विचारता आलं पाहिजे आणि त्याने कोणता नियम लावला हे निमूट सांगितलं पाहिजे. जे कारण सांगू शकत नाही त्याने तोंड उघडू नये, मग ते यंत्र असो की प्राचार्य.

प्राचार्यांचं नाव यात उगाच आलेलं नाही. कॉलेजात एकदा कृत्रिम बुद्धिमत्तेचं उत्कृष्टता केंद्र उघडलं. केंद्र म्हणजे ड्रॉइंगची जुनी खोली, नवा एसी आणि दारात उभा केलेला एक पांढरा यंत्रमानव. समोर कोणी आलं की तो हात जोडून म्हणे, "नमस्कार, आपले स्वागत आहे." प्रमुख पाहुण्यांनी फीत कापली, नारळ फुटला, प्राचार्य म्हणाले की हे भविष्य आहे. सर पुढे झाले. यंत्रमानवाने हात जोडले.

"का?" सरांनी विचारलं.

"नमस्कार, आपले स्वागत आहे."

"पण का?"

"नमस्कार, आपले स्वागत आहे."

सर पाहुण्यांकडे वळले. "भविष्याचं मला माहीत नाही," ते म्हणाले, "पण हा कुठल्याही कमिटीवर चालेल."

पहिल्या तासाला ते दर वर्षी एकच काम देत. आई 'जा' म्हणाली की कधी जायचं आणि कधी नाही, याचे नियम लिहून आणा. ज्ञान म्हणजे काय, ते किती आडमुठं असतं आणि सांगणाऱ्यालाही ते कसं माहीत नसतं, हे मुलांना त्यातून दोन दिवसांत कळे. एका मुलाने लिहिलं होतं : जर आई 'जा' म्हणाली आणि त्याच वेळी भांडं जोरात ठेवलं, तर जाऊ नये. दुसऱ्याने लिहिलं : जर आई 'तुझी मर्जी' म्हणाली, तर घातलेली चप्पल काढून ठेवावी. एक मुलगी उठून म्हणाली, "सर, आमच्या घराखालीच लूम आहेत. त्या खडखडाटात आई काही म्हणतच नाही. हात करते."

सरांचा चेहरा उजळला. "मग हाताचे नियम आण."

तिने आणले. त्यातल्या काही नियमांची चित्रं काढावी लागली. सरांनी ती डिपार्टमेंटच्या बोर्डावर लावली आणि पुढचे काही आठवडे ते वर्गात बोलण्याऐवजी हातच करत होते.

स्वतःसाठीही त्यांनी प्रणाली केल्या होत्या. सगळ्यांत गाजलेली रस्त्यांची. अंजूर फाट्यापासून कॉलेजपर्यंत कोणत्या वेळी कोणत्या रस्त्याने यावं म्हणजे ट्रॅफिकमध्ये अडकणार नाही, याचे नियम त्यांनी रिक्षावाल्यांना विचारून विचारून गोळा केले होते. कंटेनर कधी सुटतात, कारखान्यांची शिफ्ट कधी बदलते, कोणत्या वळणावर कायम खोदलेलं असतं, सगळं त्यात होतं. नियम वाढत गेले तशी प्रणाली शहाणी होत गेली, आणि शेवटी तिने कोणत्याही वाराला, कोणत्याही वेळी एकच उत्तर द्यायला सुरुवात केली : चालत जा. सरांनी 'का?' विचारून पाहिलं. तिने सगळी कारणं दिली. त्यांत एकही खोट निघेना. दुसऱ्या दिवसापासून सर चालत येऊ लागले.

चॅटबॉट आले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता सर संपले. मुलं प्रकल्प अहवाल त्याच्याकडून लिहून घेऊ लागली आणि प्राचार्यांची भाषणं एकाएकी शुद्ध झाली. सरांनी त्याच्याशी एक अख्खी सुट्टी बोलण्यात घालवली आणि सोमवारी निकाल जाहीर केला.

"हुशार आहे. मी का विचारलं, त्याने पाच कारणं दिली. मी म्हटलं, चुकलंय तुझं. तर माफी मागून उलट्या उत्तराची पाच कारणं दिली. बाय, तो कारण सांगत नाही. तो कारणं पुरवतो. मांडववाला खुर्च्या पुरवतो तशी. किती माणसं येणार तेवढं सांगायचं."

कारणांच्या बाबतीत इतका कडक माणूस स्वतःच्या एका बाबतीत मात्र अत्यंत तकलादू कारण देत असे. त्यांची सख्खी थोरली बहीण खारबावला दिलेली. तिच्या घरी सर कित्येक वर्षांत गेले नव्हते. का, असं विचारलं की म्हणत, "रस्ता खराब आहे." मध्यंतरी तो रस्ता काँक्रीटचा झाला. सरांच्या कारणात फरक पडला नाही. भाऊबीजेला बहीणच ताट घेऊन भावाकडे येई आणि संध्याकाळच्या आत परत जाई.

खरं कारण सगळ्या डिपार्टमेंटला माहीत होतं, कारण त्यांची भाची आमचीच जुनी विद्यार्थिनी. तिचे वडील, म्हणजे सरांचे दाजी, ही खारबावपासून पार शेलारपर्यंत माहीत असलेली असामी. जमिनीवर गोडाउनं उभी राहिली, तेव्हापासून त्यांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून ते माईकवर बोलत. त्या बाजूला हळदीच्या संध्याकाळी मांडवाच्या तोंडाशी आलेल्या प्रत्येक बड्या पाहुण्याचं नाव माईकवरून पुकारतात. नाव ऐकू येईपर्यंत पाहुणा आत येत नाही. चपलेचा पट्टा नीट करत उभा राहतो. कोणाचं नाव कोणाच्या आधी, कोणामागे किती विशेषणं, यावर नाती टिकतात आणि तुटतात. हे काम दाजींइतकं कोणाला जमत नसे. घरी ते गावाकडचं बोलत. हातात माईक आला की अंगात वर्तमानपत्र येई. "या ठिकाणी आगमन झालेले आहे, दानशूर, कार्यसम्राट, युवकांचे प्रेरणास्थान..." यजमानांचं काम, पण मान दाजींचा.

तर कित्येक वर्षांपूर्वी दाजींच्या थोरल्या मुलाची हळद होती. सर नवा शर्ट घालून, भेटीचं खोकं घेऊन मांडवाच्या तोंडाशी उभे राहिले. सख्खा मामा. दाजींनी आजी सरपंच घेतले, माजी घेतले, भावी घेतले, गोडाउनांचे भाडेकरू घेतले, त्यांचे मॅनेजर घेतले. सरांचं नाव आलं नाही. सर बराच वेळ उभे राहिले, मग खोकं बाहेरच्या खुर्चीवर ठेवून न जेवता निघून आले. तेव्हापासून रस्ता खराब.

आता भाचीचं लग्न ठरलं होतं, शेलारच्या मुलाशी. मामाने नवरीला धरून मांडवात आणायचं असतं आणि हा मामा तर हळदीलाही येईल की नाही याची खात्री नव्हती. भाची एका गोडाउनात माल कुठे ठेवायचा ते ठरवणारं सॉफ्टवेअर सांभाळायची आणि मामासारखीच सरळ चालायची. ती डिपार्टमेंटला आली, पेढे ठेवले आणि म्हणाली, "मामा, पत्रिका मी आणलेली नाही. काम आणलंय."

"बोल."

"माझ्या हळदीला कोणी रुसायला नको. नावं कोणत्या क्रमाने घ्यायची, ते ठरवणारी सिस्टीम करून दे. नियमांवर चालणारी. का विचारलं की कारण सांगणारी. लोक भांडायला आले की आम्ही कारण दाखवू."

सरांचे डोळे लकाकले ते मी पाहिलं. असं काम आयुष्यात एकदा येतं. मग त्यांच्या लक्षात आलं. "यातला तज्ज्ञ कोण?"

"आहे एकच," भाची म्हणाली. "माझे वडील."

सर बराच वेळ पेढ्याचा कागद सरळ करत होते.

"तज्ज्ञाशी वैयक्तिक ओळख नसलेली बरी," शेवटी ते म्हणाले. "पण चालवून घेऊ."

अट एकच, बैठक दाजींच्या घरी नको. दाजींची अट अशी, की मेहुण्याच्या दारात मी जाणार नाही. कॉलेजात यायलाही ते तयार नव्हते. तिथे त्यांचं नाव पुकारायला कोणी नव्हतं. भाचीने तोड काढली अकलोलीची. गरम पाण्याच्या कुंडांवर दोघेही थंडीत रविवारी जात, फक्त वेगवेगळे रविवार धरून. तिने दोघांना एकाच रविवारी बोलावलं.

अशी ही ज्ञानसंपादनाची बैठक बहुधा जगात पहिलीच असावी. तज्ज्ञ आणि अभियंता छातीपर्यंत वाफाळत्या पाण्यात. दाजींचे पांढरे कपडे पायरीवर घडी करून ठेवलेले, अंगावर पंचा आणि सोन्याची चेन. मी वरच्या पायरीवर, लॅपटॉप मांडीवर, तोंड देवळाच्या भिंतीकडे आणि पाठ कुंडाकडे. माझ्या कानावर येत होते ते फक्त आवाज, आणि पहिला तासभर ते दोन्ही आवाज माझ्याशीच बोलत होते.

"मॅडम, तज्ज्ञांना सांगा, प्रकरण पहिलं. आजी आणि माजी सरपंच एकाच गाडीतून उतरले. आधी कोणाचं नाव?"

"बाय, त्याना सांग, माजीचा."

"कारण विचारा."

"आजीचा नाव ग्रामपंचायतीच्या बोर्डावर रोजच हाय. माजीला कोन इचारतं? त्याचा एकदा घेतला की तो वरीसभर बसतं गप."

मी टाइप केलं. सरांनी मागून पाण्यातून एक तृप्त हुंकार दिला. पाठमोरी असूनही मला तो कळला. चांगला नियम सापडला की त्यांच्या घशातून तसा आवाज येई.

"डॉक्टर आणि गोडाउनवाला?"

"गोडाउनवाला आधी. डाक्टरला थांबायचा काय वाटत न्हाय. तो रोज लोकाना थांबवतं."

"दोघेही तितकेच मोठे असले तर?"

"तर रुसला की जेवल्याबिगर कोन जातं, ता बघायचा. त्याचा आधी. जो रुसून पन जेवतं, त्याचा मागून घेतला तरी चालतं."

"हे कसं ओळखायचं?"

"गाडी कुठं लावलीय ता बघायचा. तोंड रस्त्याकडं करून लावली, म्हंजे पलायची तयारी."

"वा," सर म्हणाले, आणि ते मला उद्देशून नव्हतं.

त्यानंतर माझी गरज हळूहळू कमी होत गेली. 'मॅडम, विचारा' गळून पडलं. भावी लोकांचा प्रश्न निघाला. ज्याला कसलंच पद नाही, फक्त बॅनरवर 'भावी' आहे, त्याचं काय करायचं? दाजी म्हणाले, त्याचं घ्यायलाच लागतं, कारण त्याच्याकडे नावाशिवाय दुसरं काहीच नाही. सर म्हणाले, एकाच जागेचे दोन भावी एकदम आले तर? दाजी विचारात पडले. मग म्हणाले, तेव्हा माईकमधी खरखर आणायची आणि बेंजोवाल्याना वाजवायला हात करायचा. हा नियम कसा लिहायचा यावर दोघांची खूप वेळ चर्चा झाली.

मग सर थांबले. पाणी हलायचं थांबलं.

"प्रकरण," ते म्हणाले. आवाज तोच, वर्गातला. "मुलाची हळद. मुलाच्या आईचा सख्खा भाऊ मांडवाच्या तोंडाशी उभा आहे."

देवळात कोणीतरी घंटा वाजवली. मी भिंतीवरच्या एका पोपड्याकडे पाहत राहिले.

"त्याचा नाव न्हाय घ्यायचा," दाजी म्हणाले.

"कारण?"

मागे पाणी डुचमळलं. पाणी फार कढत होतं, की दाजींना बोलायला जड जात होतं, ते पाठमोऱ्या माणसाला सांगता येणार नाही.

"स्वागत पावन्याचा करतान," शेवटी ते म्हणाले. "घरच्या मानसाचा कोन करतं? मी माईकवर माझा नाव घेतलाय का कदी? माझ्या बायकोचा घेतलाय? त्याचा नाव घेतला तर तो पावना झाला. मंग त्याला जेवून जा बोलायला लागतं."

"हा नियम सगळ्यांना लागू?"

"सगल्याना."

"अपवाद?"

"न्हाय."

पुन्हा घंटा. सर म्हणाले, "टाइप झालं, बाय?"

मी म्हटलं, "झालं."

"पाणी आज बरं आहे," सर म्हणाले. दाजी म्हणाले, "गेल्या रविवारी जास्त कढत व्हता." दोघांनी कुंडाच्या तापमानावर असं काही बोलणं सुरू केलं, की जणू ते ठरवूनच आले होते.

ज्ञानाधारित प्रणाली तयार झाली की ती जुन्या प्रकरणांवर तपासून पाहायची असते. तज्ज्ञाने तेव्हा जे केलं, तेच प्रणाली आज सांगते का? भाचीने आधीच्या हळदींचे व्हिडिओ आणून दिले. तिकडे प्रत्येक हळदीचा व्हिडिओ असतो आणि त्यात नवरदेवापेक्षा मांडवाचं तोंड जास्त दिसतं. मी एकेक नाव प्रणालीला देत गेले. भलतीच अचूक निघाली. दाजींच्या मुलाच्या हळदीपर्यंत पोहोचले आणि थांबले.

व्हिडिओत फटाक्यांची माळ लागली होती आणि दाजी माईकवर सांगत होते, "या ठिकाणी आगमन झालेले आहे, माजी उपसरपंच, शिक्षणप्रेमी, क्रिकेटप्रेमी, आमचे धाकटे बंधू..." दाजींचा सख्खा भाऊ. त्याच अंगणात समोरच्या दारात राहणारा. त्याच्याहून घरचा माणूस कोण असणार? आणि त्या चित्राच्या कडेला, भावाच्या खांद्यामागे, नवा शर्ट घातलेले सर खोकं धरून उभे होते. त्यांनी ते नाव कानांनी ऐकलं होतं.

म्हणजे 'अपवाद नाही' हे खोटं होतं. नियमच खोटा होता. दाजी त्या दिवशी सरांना विसरले होते, एवढंच, आणि कुंडात त्यांनी ऐन वेळी एक कारण जुळवलं होतं.

मला वाटलं, बोलू नये. पण तपासणीत दोष सापडला आणि लपवला, हे सरांना दुसऱ्या मार्गाने कळलं असतं तर त्यांनी मला फळ्यासमोर उभं केलं असतं. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला.

"शर्ट चांगला होता," ते म्हणाले.

"सर, नियम टिकत नाही."

"मला कुंडातच माहीत होतं. तज्ज्ञाला कारण विचारलं की तो कारण आठवत नाही, बाय, तयार करतो. या विषयाचं पहिलं दुखणं हेच आहे. मी तुम्हाला दर वर्षी सांगतो."

"मग नियम काढू?"

"राहू दे."

"चॅटबॉटने हेच केलं तर तुम्ही त्याला खुर्च्या पुरवणारा म्हणता."

सरांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता 'का' येणार. "त्याला कारण बनवायला काय लागतं?" ते म्हणाले. "हा माणूस आयुष्यभर माईकवर दुसऱ्यांची विशेषणं बोलला. कढत पाण्यात बसून स्वतःच्या डोक्याने एक कारण त्याने बनवलं, ते माझ्यासाठी. आणि बाय, नियम म्हणून वाईट नाही. तो खरं तर आधीपासून असायला हवा होता."

त्यांनी चष्मा घातला आणि दोन्ही भावींच्या खरखरीचा नियम तपासायला घेतला.

हळदीच्या संध्याकाळी सर खारबावला गेले. चालत नव्हे, मी त्यांना रिक्षात घातलं. मांडवाच्या तोंडाशी त्यांनी क्षणभरसुद्धा थांबण्याचं नाव घेतलं नाही. चपला काढून थेट आत, चुलींच्या बाजूला. बहिणीने त्यांना पाहिलं आणि काही न बोलता त्यांच्या हातात पापडांची पाटी दिली. इकडे माईकपाशी मी लॅपटॉप घेऊन आणि दाजी शेजारी. पहिला तासभर तो त्यांच्या आयुष्यातला सुखाचा असावा. आजी-माजी सुरळीत गेले. दोन भावी एकदम आले तेव्हा माईकमध्ये अप्रतिम खरखर झाली. दाजी मधूनमधून उगाच 'का?'चं बटण दाबत आणि स्वतःचंच शहाणपण पडद्यावर वाचून मान डोलावत.

मग फटाक्यांची माळ लागली. धाकटे बंधू आले. पांढरे बूट, गॉगल, मागे क्रिकेट टीम. ते मांडवाच्या तोंडाशी थांबले आणि बुटाची नाडी नीट करू लागले.

दाजींनी माईक उचलला आणि सवयीने पडद्याकडे पाहिलं. मग माईकवर तळवा ठेवला.

"बाय, यो काय बोलतंय?"

"नाव घेऊ नये, म्हणतंय."

दाजींनी बटण दाबलं. पडद्यावर आलं : घरचा माणूस आहे. स्वागत पाहुण्याचं करतात. अपवाद नाही. नियम सांगणारे तज्ज्ञ : आपण.

"काढ ता," दाजी हळूच म्हणाले.

"काढते. पण मग सरांच्या प्रकरणाचा निकालही बदलेल."

दाजींनी मान वळवली. चुलीपाशी सर पापड तळणाऱ्या बाईला काहीतरी विचारत होते. बहुधा का ते. भावाचं नाव घेतलं तर मेहुण्याला कळणार, की कुंडातलं कारण खोटं होतं. न घेतलं तर भाऊ आजपासून रुसणार, तोही समोरच्या दारात राहून. आणि दोघांचं घेतलं तर दोघेही पाहुणे. बुटाची नाडी बांधून सोडून पुन्हा बांधून झाली होती. क्रिकेट टीम कुजबुजायला लागली होती.

त्या शांततेनेच सरांचं लक्ष वेधलं असणार. त्यांनी आधी माईककडे पाहिलं, मग दाराकडे, आणि एका हातात पापड तसाच धरून ते मांडवाच्या तोंडाशी गेले. मी चार पावलं मागे होते.

"मास्तर," धाकटे बंधू म्हणाले, "माईक बिघारला का?"

"चालू आहे. तुमचं नाव घ्यायचं नाही, असं ठरलंय."

"कोनी ठरवला?"

"दाजींनी."

"का?"

हा प्रश्न आपल्याला कोणीतरी विचारावा, यासाठी सर बहुधा नोकरीभर थांबले होते. ते अगदी सावकाश म्हणाले, "घरच्या माणसाचं नाव घेत नाहीत. स्वागत पाहुण्याचं करतात."

धाकट्या बंधूंनी गॉगल काढला. "मागच्या हलदीला घेतला व्हता ना माझा? फटाक्यांची माल लावून?"

"तेव्हा चुकलं त्यांचं," सर म्हणाले. "तुम्ही मोठ्या मनाने चालवून घेतलंत. माझं मात्र नव्हतं घेतलं."

शेवटचं वाक्य त्यांनी शाल-श्रीफळ मिळालेल्या माणसाच्या आवाजात म्हटलं. धाकट्या बंधूंनी त्यांच्याकडे पाहिलं, माईककडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर एक जुना, आत्ताच कळलेला अपमान पसरत गेला.

"बघा ना मास्तर," ते म्हणाले. "सख्खा भाव असून पावना केला मना. सगल्या गावासमोर."

आणि गॉगल खिशात घालून, पांढरे बूट दारातच काढून ते आत गेले. दाजींच्या समोरून जाताना त्यांनी बोट दाखवून म्हटलं, "आज न्हाय घेतला, बरा केलास." पुढे ते पंगतीपंगतीतून सांगत फिरले, की आपलं नाव घेतलेलं नाही. हे ऐकून दाजींचे चुलतभाऊ माईकपाशी आले आणि म्हणाले, आमचं पण घेऊ नकोस. मग आत्याचे मुलगे आले. मग ज्यांचं नाव मघाशी घेऊन झालं होतं असे काही लोक तक्रार घेऊन आले. त्यांचं म्हणणं असं, की ते परत मागे घेता येईल का. प्रणालीत याला नियम नव्हता. थोड्याच वेळात अशी स्थिती आली, की मांडव माणसांनी भरलेला आणि दाजींच्या हातात माईक, पण पुकारायला कोणी नाही. दोन भावी तेवढे कोपऱ्यात बसले होते, आणि त्यांची नावं आधीच खरखरीमध्ये घेऊन झाली होती.

दाजी माईक हातात धरून उभे होते. पंगत त्यांनी डोळ्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग माईक तोंडाशी नेला, आणि त्यातून वर्तमानपत्र आलं नाही. घरी ओसरीवर बसून बोलावं तसा आवाज सगळ्या खारबावभर गेला.

"मास्तर, तिकडच्या पंगतीला भात कमी पडतंय. बग जरा."

सरांनी हातातला पापड बेंजोवाल्याच्या हातात दिला आणि ते भाताच्या पातेल्याकडे धावत सुटले.